रिद्धपूरच्या वाटेवर एक जुना तपास

मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ एका तपासातून जन्माला आला. इ. स. १२७४ च्या सुमारास गोदावरीकाठचा एक संन्यासी आपल्या माणसांतून नाहीसा झाला. पुढे त्याचे काय झाले, याच्या दोन हकिगती आहेत. एकीत तो उत्तरेच्या वाटेने चालता झाला. दुसरीत देवगिरीच्या यादवांच्या प्रधानाच्या माणसांनी त्याचे मस्तक उडवले. मागे राहिलेल्या शिष्यांत एक गाढा शास्त्री होता. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, जेवू घातले, त्या सगळ्यांकडे जाऊन त्याने एकेक प्रसंग विचारला, पडताळला आणि लिहून काढला. तो शास्त्री म्हाइंभट, तो संन्यासी चक्रधर आणि तो ग्रंथ ‘लीळाचरित्र’.

हे काम झाले अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला. मी तिकडे निघालो तो वर्ध्याहून, कारण या तपासाची पार्श्वभूमी समजायला वर्धा जिल्ह्यासारखी जागा नाही. पवनार, सेवाग्राम, आर्वी, देऊरवाडा, मग वर्धा नदी ओलांडून कौंडण्यपूर आणि पुढे रिद्धपूर, असा हा रस्ता.

पिशवीत ‘लीळाचरित्रा’बरोबर एक इंग्रजी कादंबरीही होती. मध्ययुगीन इंग्लंडमधले साधू, पंडित आणि त्यांच्यात घडणारे खून यांवर इंग्रजीत भरपूर आणि मोठे मजेदार लेखन झाले आहे. एडिथ पार्जेटर यांनी एलिस पीटर्स या टोपणनावाने १९७७ साली ब्रदर कॅडफेलला जन्म दिला. तरुणपणी धर्मयुद्धात लढलेला हा वेल्श माणूस उतारवयात श्रूजबरीच्या बेनेडिक्टाइन मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो आणि अधूनमधून खुनाचा छडा लावतो. पहिल्याच कादंबरीत मठाची मंडळी मोठेपणासाठी एका संत स्त्रीच्या अस्थी वेल्समधून आणायला निघतात आणि त्या खटाटोपात एकाचा जीव जातो. अशा वीस कादंबऱ्या १९९४ पर्यंत आल्या. पुढे १९९६ पासून सुझाना ग्रेगरी यांनी चौदाव्या शतकातल्या केंब्रिजमध्ये मॅथ्यू बार्थोलोम्यू हा वैद्य आणि खाण्याचा शौकीन, धष्टपुष्ट ब्रदर मायकल अशी जोडी उभी केली. या पुस्तकांत प्रेतही असते आणि हसूही. पंडितांची पदांसाठी चाललेली ओढाताण, मठातले रुसवे-फुगवे, स्वयंपाकघरातल्या कुरबुरी हे सारे त्यांत येते, आणि बहुतेकदा त्यातूनच खुनाचे कारण हाती लागते.

कॅडफेल काल्पनिक आहे. म्हाइंभट खरा होता. मराठी वाचकांना हे पुरेसे सांगितले गेलेले नाही, म्हणून हा प्रवास.

वर्ध्याच्या बसस्थानकावर सकाळी गर्दी असते. गोरसपाकाचा पुडा घेऊन मी पवनारची गाडी धरली. वर्धा हा तसा नवा जिल्हा: १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याजवळ आजचे वर्धा शहर वसले. पवनार मात्र फार जुने. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच गाव, असे मत वा. वि. मिराशी यांनी मांडले. नागपूरजवळचे मनसर हीच ती राजधानी, असे अलीकडचे काही संशोधक म्हणतात आणि तो वाद अजून चालू आहे. याच प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातले महाकाव्य आहे. ज्या भाषेतून पुढे मराठी आली, तिच्यात पाचव्या शतकातला एक विदर्भाचा राजा काव्य रचत होता.

धाम नदी इथे खडकांतून वळसे घेत जाते. काठावर विनोबांचा आश्रम. विनोबा १९३८ साली इथे राहायला आले. आश्रमाच्या जमिनीत खणताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यांतले भरत-रामाच्या भेटीचे शिल्प आजही आश्रमात पूजले जाते. १९५९ साली विनोबांनी इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. स्त्रियांनी सामूहिक साधना करावी, शास्त्रे अभ्यासावीत, स्वतःच्या श्रमावर जगावे आणि आपले निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यावेत, ही कल्पना. झाडलोट, शेती, स्वयंपाक, वाचन, लेखन असा इथला दिनक्रम आहे. ज्या काळात ही कल्पनाच पाप ठरली असती, त्या काळात चक्रधरांनी स्त्रियांना संन्यास दिला होता. महदाइसा, बाइसा, आबाइसा, उमाइसा ही नावे ‘लीळाचरित्रा’च्या पानापानावर येतात. त्या प्रश्न विचारतात, हट्ट करतात, चुकतात, रागावतात, आणि स्वामी त्यांना उत्तरे देतात. पवनारच्या अंगणात बसून ती पाने वाचली की सातशे वर्षांपूर्वीचा तो मेळा केवढा धीट होता, ते उमगते. खुनाचे एक कारण इथेच दिसू लागते.

सेवाग्रामला जाणे मुद्दाम ठरवले होते. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. १२ फेब्रुवारीला त्यांच्या अस्थी पवनारला धाम नदीत सोडल्या आणि मार्चमध्ये सेवाग्रामला त्यांचे सहकारी जमले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, विनोबा, सगळे होते. गुरू गेला, आता काय करायचे, हाच विषय. सर्वोदय समाजाची कल्पना त्याच बैठकीतून आली. इथल्या एका कुटीला महादेवभाई देसाईंचे नाव आहे. गांधीजींचे बोलणे, चालणे, विनोद, चिडणे हे सारे पंचवीस वर्षे रोजनिशीत टिपणारा हा माणूस १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसच्या तुरुंगात वारला. गुरूचा प्रत्येक शब्द राखावा, त्यातले हसणेही राखावे, ही महादेवभाईंची ओढ आणि म्हाइंभटाची ओढ एकच. सेवाग्रामची बैठक आणि १२७४ नंतरचे रिद्धपूर यांत पावणेसातशे वर्षांचे अंतर आहे. पण गुरू हिरावलेल्या माणसांचे प्रश्न तेच होते.

आर्वीकडे जाणारा रस्ता कपाशीतून आणि तुरीतून जातो. पुढे संत्र्यांच्या बागा लागतात. पुलगाव-आर्वी या छोट्या रुळांच्या गाडीवर एके काळी इथला कापूस लादला जाई. आता ती गाडी बंद आहे. कंडक्टरने तिकीट फाडताना विचारले, “रिधपूरले चालले का भाऊ? मंग आर्वीले उतरून गाडी बदला.” खिडकीशी जागा मिळाली आणि मी हकिगतीची पाने पुन्हा उघडली.

चक्रधरांच्या महानुभाव पंथाची परंपरा सांगते ती अशी. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात हरतो. देणे फेडायला पत्नीकडे दागिने मागतो, ती नाकारते, आणि संसारावरून त्याचे मन उडते. रामटेकच्या यात्रेला म्हणून तो निघतो, पण वाटेत रिद्धपूरला थबकतो. तिथे गुंडम राऊळ, म्हणजे गोविंदप्रभू, नावाचा एक अवलिया त्याला भेटतो. त्यांच्याकडून ज्ञानशक्ती घेऊन हा माणूस चक्रधर होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी साळबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहतो, मग मराठी मुलुखभर अनवाणी हिंडतो. शिकाऱ्यांच्या हातून सुटलेला ससा त्यांच्या मांडीखाली येऊन लपतो आणि ते शिकाऱ्यांना परत पाठवतात. शिष्यांशी ते बोलतात ते रोजच्या मराठीत.

आता संशयित. पहिला हेमाद्री पंडित, यादवांचा श्रीकरणाधिप म्हणजे प्रधान, ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथाचा कर्ता. त्या ग्रंथाच्या एका खंडात कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, काय दान द्यावे, याचा तपशीलवार विधी आहे. चक्रधर मात्र एका परमेश्वराखेरीज कोणत्याही देवतेची पूजा नको म्हणत होते. विटाळाबद्दल विचारले असता, शरीरातून जसे इतर मळ जातात तसाच हा, असे त्यांनी सांगितले. एका बाजूला राज्याच्या कारभाऱ्याने रचलेली व्रतांची व्यवस्था, दुसऱ्या बाजूला ती निरर्थक ठरवणारा संन्यासी. शिवाय बायका घरदार सोडून त्याच्यामागे जात होत्या.

दुसरे संशयित पैठणचे पंडित. पंडितांच्या सभेपुढे चक्रधरांना उभे केले गेले आणि शिक्षा म्हणून त्यांचे नाक कापले, असे काही पोथ्यांत आहे. महादाश्रम, सारंगपंडित अशी विद्वानांची नावे त्या प्रकरणात येतात.

तिसरा राजवाडा. १२७१ साली रामचंद्र यादवाने चुलत भाऊ अमणदेवाकडून देवगिरीचे सिंहासन हिसकावले. अमणदेवाचे डोळे काढल्याची हकिगत महानुभाव ग्रंथांतच मिळते. नुकतेच रक्त सांडून राज्य मिळवलेल्या राजाला आणि त्याच्या प्रधानाला, लोकांना आपल्याकडे ओढणारा माणूस धोक्याचा वाटणे साहजिक होते. कॅडफेलच्या कथांतही मागे स्टीफन आणि माटिल्डा यांची यादवी चालू असते, आणि मठाच्या भिंतीआडचा खून त्या राजकारणापासून सुटत नाही.

शिरच्छेदाची हकिगत सर्व पोथ्यांत नाही. पंथाच्या श्रद्धेप्रमाणे स्वामी उत्तरापंथाला गेले आणि आजही तिकडे आहेत. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातल्या काही मजकुरावरून मोठा वाद झाला. सात शतके उलटली तरी हे प्रकरण जिवंत आहे, एवढे त्यावरून कळते.

देऊरवाडा आर्वीपासून जवळच, वर्धेच्या काठावर. बैतूलच्या मुलताई पठारावरून निघालेली ही नदी इथे दोन जिल्ह्यांची हद्द होते. पलीकडच्या तीरावर कौंडण्यपूर, रुक्मिणीचे माहेर. मोरेश्वर दीक्षित यांनी १९६० च्या दशकात इथे उत्खनन केले आणि गावाखाली फार जुनी वस्ती सापडली. आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते.

रुक्मिणीच्या या गावाचा आपल्या तपासाशी संबंध आहे, आणि तो हसरा आहे. चक्रधर गेल्यावर शिष्यमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. एकदा वृद्ध गोविंदप्रभूंच्या मनाने घेतले की आपले लग्न झाले पाहिजे. मंडळींनी नाही म्हटले नाही; लग्नाचा थाट मांडला. लग्न म्हटले की गाणी हवीत. महदाइसेला सांगितले गेले, आणि तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची गाणी रचली. तेच ‘धवळे’. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण जिचे नाव घेतो, तिचे हे काव्य एका थोर वेड्याच्या लग्नाच्या खेळातून आले. ज्यांचा गुरू काही वर्षांपूर्वी हिरावला गेला होता, त्यांच्याच अंगणात हा मांडव पडला होता. ती माणसे इतकी मोकळी हसू शकत होती, हे मला त्यांच्या तत्त्वज्ञानाइतकेच मोठे वाटते.

कौंडण्यपूरहून पुढे गाड्या बदलत रिद्धपूर गाठले. गावात जागोजागी ‘स्थाने’ आहेत. जिथे प्रभू बसले, जेवले, खेळले, तिथे ओटे बांधलेले, वर वस्त्र आणि फुले. लोक वाकून दंडवत घालतात आणि भेटणाऱ्यालाही “दंडवत प्रणाम” म्हणतात. राजमठ हे मुख्य स्थान. वाजेश्वरी हे दुसरे, जिथे म्हाइंभटाने लेखन केले असे मानतात.

गोविंदप्रभूंच्या लीळा तीनशेंहून अधिक आहेत. त्याही म्हाइंभटानेच लिहिल्या. प्रभू कुणाच्याही घरात शिरतात, शिंक्यावरचे काढून खातात. देवळातल्या मूर्तींशी गप्पा मारतात, पोरांत पोर होऊन खेळतात, एकटेच हसतात, शिव्या घालतात. जात विचारत नाहीत. महारा-मांगांच्या वस्तीत जातात आणि तिथून सरळ ब्राह्मणांच्या घरी येतात. गाव आधी वैतागते, मग त्यांनाच मायबाप मानते. पाण्यासाठी तळमळणाऱ्या मातंगांना त्यांनी विहिरीची जागा दाखवली. ती मातंग विहीर रिद्धपूरला दाखवतात. म्हाइंभटाने यातले काही सोवळे करून घेतले नाही, शिव्यासुद्धा गाळल्या नाहीत.

तो किती कसून काम करी! हा मूळचा सराळ्याचा विद्वान. गर्व एवढा की जगाच्या अज्ञानाचा अंधार दाखवायला दिवसा मशाल पेटवून हिंडे, असे परंपरा सांगते. चक्रधरांशी वाद घालायला गेला आणि त्यांचा झाला. स्वामी गेल्यावर पंथाचे प्रमुख झालेले आचार्य नागदेव त्यांच्या आठवणींचे नित्य स्मरण करत. ते ऐकून म्हाइंभटाने लिहून ठेवण्याची परवानगी मागितली. शके १२०० च्या, म्हणजे १२७८ च्या, आसपासची ही गोष्ट. मग तो साक्षीदारांकडे निघाला. शेतकामात गुंतलेल्या एका भक्ताच्या मागोमाग शिवारात फिरून त्याने आठवणी उतरवून घेतल्याचे सांगतात. जमवलेले सारे नागदेवांपुढे ठेवले जाई. कोण कुठे होते, कुठल्या गावी, कुणाच्या ओसरीवर, जेवायला काय होते, स्वामींनी नेमके काय म्हटले, हे सारे नोंदले गेले. तेराव्या शतकातला महाराष्ट्र आज आपल्याला दिसतो तो बव्हंशी या जबान्यांतून.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा, पोथीच लुटली गेली. पंथात त्या लुटीला खालशाची धाड म्हणतात. तपासाची सगळी कागदपत्रे गेली. मग ग्रंथ उभा राहिला तो आठवणीतून, आणि त्यात पंथातल्या हिराइसा या बाईचा वाटा फार मोठा. तिला लीळा मुखोद्गत होत्या. इतर जाणत्यांचेही पाठ होते आणि ते तंतोतंत जुळत नव्हते. पंथाच्या लेखकांनी त्यातला एकच खरा मानून बाकीचे फेकले नाहीत. अमक्याच्या आठवणीत हे असे, तमक्याच्या आठवणीत तसे, असे त्यांनी मजकुरातच नोंदवले. साक्षी जुळत नसतील तर दोन्ही लिहून ठेवायच्या, हा प्रामाणिकपणा आजच्या पंचनाम्यांनाही शिकवण्यासारखा आहे.

त्यानंतर पोथ्या सांकेतिक लिप्यांत गेल्या. सकळ, सुंदरी अशा लिप्यांत अक्षरे बदलून लिहिलेले ग्रंथ पंथाबाहेरच्या माणसाला वाचता येत नसत. मठांबाहेरचा मराठी समाज आपल्याच आद्य गद्याला शतकानुशतके पारखा राहिला, आणि काळ्या वस्त्रांतल्या या साधूंबद्दल त्याने वाटेल ते गैरसमज करून घेतले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना किल्ली मिळाली. पंथातल्याच जाणत्यांनी पोथ्यांची दारे उघडली. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ छापायला घेतले, पुढे शं. गो. तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्या आल्या. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या लीळा इंग्रजीत नेल्या. आणि २०२४ साली याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. पहिले कुलगुरू अविनाश आवलगावकर हे महानुभाव साहित्याचेच अभ्यासक.

मठाच्या ओट्यावर एक वृद्ध संन्यासी पोथी वाचत बसले होते. मी दंडवत केला आणि भीत भीत विचारले, “बाबा, स्वामींचा वध झाला म्हणतात, ते खरं का?”

त्यांनी पोथी मिटली नाही. “आमचे स्वामी उत्तरापंथी आहेत,” ते म्हणाले. “पण छळ झाला. तो लपवायचं कारण नाही.” मग त्यांनी मलाच प्रश्न केला: मी ‘लीळाचरित्र’ पूर्ण वाचले आहे की फक्त शेवटच वाचला आहे?

प्रश्न रास्त होता. शेवटच्या प्रसंगाविषयी जे काही पुरावे आहेत, ते सगळे शिष्यांच्या बाजूचे. हेमाद्रीची जबानी कुणी घेतलेली नाही, आणि एवढ्यावर त्याला दोषी ठरवता येणार नाही. पण छळाचे कारण शोधायचे तर ते शेवटच्या पानांत मिळणार नाही; ते आधीच्या शेकडो लीळांत विखुरलेले आहे. प्रश्न विचारणाऱ्या बायकांत ते आहे, मांडीखाली लपलेल्या सशात आहे, रोजच्या बोलीत दिलेल्या उत्तरांत आहे. चक्रधरांनंतर संस्कृतात लिहू पाहणाऱ्या पंडित शिष्यांना नागदेवांनी अडवले, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. ज्यांच्यासाठी हे अडवणे होते, त्यांच्यातच राहणाऱ्या एका बाईने पुढे सबंध ग्रंथ तोंडपाठ वाचवला.

मराठीत अशी एक कादंबरी लिहिली गेली पाहिजे. काळ १२७४ ते १३१०, गाव रिद्धपूर. मांडवात वृद्ध प्रभूंचे लग्न चाललेले, महदाइसा गाणी जुळवते आहे, नागदेव शिष्यांची भांडणे सोडवत आहेत, म्हाइंभट दौतलेखणी घेऊन साक्षीदारांच्या मागे आहे, आणि देवगिरीहून कुणी तरी कान लावून बसले आहे. छडा लावणारी म्हणून हिराइसेला घ्यावे. तिला प्रत्येकाची जबानी शब्दशः आठवते, कोणाची कुठे जुळत नाही ते तिलाच कळते, आणि ती प्रत्यक्षात होती. कॅडफेल उभा करायला एलिस पीटर्स यांना कल्पना लढवावी लागली. मराठी लेखकाला नावे, गावे, ओसऱ्या, जेवणे, भांडणे, विनोद सगळे तयार आहे, छापील आहे, वर्ध्याच्या किंवा अमरावतीच्या चांगल्या ग्रंथालयात मिळेल. रिद्धपूरच्या नव्या विद्यापीठातल्या कुणा मुलीने हे मनावर घ्यावे.